दोन सायकली छतावर, दोन आत

बुधवार : सांगली ते बालेवाडी

आमच्याकडे सायकलींचा हंगाम गणपती गेले की सुरू होतो आणि वार्षिक परीक्षेला येऊन थांबतो. यंदा डिसेंबरात तीन गोष्टी एकापाठोपाठ एक आल्या. पुण्यात बालेवाडीला राष्ट्रीय स्पर्धेसाठी ट्रॅकची निवड चाचणी, नाशिकला रोडची, आणि परत येताना खोपोलीला आमच्या क्लबची घाटातली शर्यत. या तिसरीत पालकांनाही उतरता येतं, आणि मी नाव दिलं होतं. आमच्या यांचं औषधांचं दुकान. थंडी-खोकल्याच्या दिवसांत ते बंद ठेवता येत नाही. त्यामुळे गाडी चालवायला मी, नकाशा बघायला नववीतली थोरली, आणि सगळ्यांच्या सायकलींची उस्तवार करायला सातवीतला धाकटा.

छतावरच्या कॅरिअरला दोनच सायकली लागतात. आमच्या चार होत्या : थोरलीची रोडची, सरांनी तिला वापरायला दिलेली ट्रॅकची, धाकट्याची आणि माझी. मग उरलेल्या दोन सायकलींची चाकं काढायची, जुन्या चादरी घालून एकीवर एक निजवायच्या आणि डिरेल्युअरची, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाची, बाजू वर राहील एवढं बघायचं. सुटी चाकं धाकट्याच्या मांडीवर. त्याला ते आवडतं. पुण्यापर्यंत तो स्पोक वाजवून कुठला ढिला आहे ते सांगत बसतो.

पेठ नाक्यापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांमागे रांगत गेलो. दोन-दोन ट्रॉल्या, वर मावेल त्याच्या दीडपट ऊस, कर्ण्यावर गाणी आणि मागे लाल दिव्याचा पत्ता नाही. आमच्या भागातली पोरं पहाटे साडेपाचला सराव का उरकतात, ते गळीत हंगामात एकदा या रस्त्यावर गाडी चालवली की कळतं. मी मुलांच्या मागे स्कूटरवर पार्किंगचे दिवे लावून जायचे. दोन हिवाळे तसे गेल्यावर वाटलं, मागे राहायचंच आहे तर पेट्रोल कशाला जाळायचं? माझं सायकल चालवणं तिथून सुरू झालं. शर्यतीत उतरायला कारण वेगळं. शर्यतीच्या ठिकाणी पालकाला सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत काही काम नसतं, आणि काम नसलेले पालक काय करतात ते मी भरपूर बघितलंय. घड्याळं घेऊन दुसऱ्यांच्या मुलांची वेळ मोजतात.

कराड, सातारा, खंबाटकीचा बोगदा. भडंग शिरवळच्या आतच संपलं. अंधार पडता पडता बालेवाडी.

गुरुवार : सिमेंटचा वाडगा

बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं. तिथला वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा गोल ट्रॅक, उघड्यावरचा आणि सिमेंटचा आहे. दिल्लीला इंदिरा गांधी स्टेडियममध्ये २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला आहे तो छताखालचा, लाकडी, २५० मीटरचा. तिथे जाऊन आलेल्या मुली पिटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या तयारीच्या जागेत, त्याच्याबद्दल असं बोलतात, जसं आम्ही लहानपणी मुंबईबद्दल बोलायचो.

ज्यांनी वेलोड्रोम पाहिला नाही त्यांनी एवढं लक्षात घ्यावं : वळणावर रस्ता भिंतीसारखा उभा राहतो. खाली उभं राहून वर बघितलं की इथून माणूस घसरणार नाही कसा, हाच प्रश्न पडतो. उत्तर वेगात आहे. वेग असेल तर सायकल त्या भिंतीला चिकटून जाते, वेग कमी झाला की चाक खाली सरकतं. म्हणजे भीती वाटली की जे करावंसं वाटतं, नेमकं तेच करायचं नाही. त्यातून ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो. फ्रीव्हीलही नसतं. मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार आणि पेडलबरोबर पाय. थांबायचं तर पायानेच हळूहळू वेग मारायचा आणि दोन फेऱ्या जास्त घ्यायच्या.

धाकट्याला सरावाच्या वेळेत पहिल्यांदाच वर जाऊ दिलं. आधी सगळ्यांत आतली निळी पट्टी, मग काळी रेघ, मग लाल. अंतर काळ्या रेघेवर मोजतात. काळ्या आणि लालच्या मधली जागा स्प्रिंटवाल्यांची. तिथे जो पुढे आहे त्याला आतून ओलांडायचं नाही. एवढं सगळं तो मला आदल्या रात्री पाठ म्हणून दाखवत होता. वळणाला लागला तेव्हा मात्र त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. खाली आला तो म्हणाला, "आई, वर गेल्यावर सरळच वाटतं. तिरकी तूच दिसत होतीस."

थोरलीची ५०० मीटर टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाविरुद्धची शर्यत, साडेदहाला. उभ्या सुरुवातीची शर्यत आहे ही, गती शून्यातून उचलायची. सायकल धरून ठेवतात, मोजणी सुरू होते, आणि पहिली दहा-बारा पेडलं मुलगी अंगातलं सगळं घालून ओढते. गिअर एकच, तो आधी ठरवायचा. धाकट्याचा आग्रह ४८ आणि १५ चा. पुढे ४८ दाते, मागे १५. पेडलच्या एका फेरीत सायकल पावणेसात मीटर जाते, हा त्याचा हिशेब. सरांचं मत १४ चं, थोरलीचं सरांच्या बाजूने. १४ लावला. सुरुवात जड गेली, शेवटच्या दीडशे मीटरला मात्र तिने दोघींना मागे टाकेल असा वेग धरला होता. ४१ सेकंद आणि काही. चौथी. संघात ट्रॅकसाठी तिघीच जाणार होत्या.

ती खाली आली, हेल्मेट काढलं, सायकल धाकट्याच्या हातात दिली आणि गवतावर आडवी झाली. शेजारचे एक गृहस्थ आपल्या मुलीला त्याच वेळी सांगत होते की दुसऱ्या वळणावर तिने काय काय करायला हवं होतं. ती पोर अजून धापा टाकत होती. मी थोरलीला विचारलं, पोहे की इडली. ती म्हणाली, "दोन्ही." मुलांच्या शर्यतीनंतर पहिला अर्धा तास आईबापांनी विचारण्याजोगा एवढा एकच प्रश्न असतो, असं माझं पक्कं मत झालंय. बाकीचं सर बघतात, आणि सरांनाही ते पोरीला पाणी प्यायल्यावरच सांगायचं असतं.

संध्याकाळी पिटमधल्या मुलींचा विषय एकच : भंडाऱ्याच्या मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे. दोघी आपल्याच राज्यातल्या, ट्रॅकच्या स्प्रिंटर, भारताकडून खेळलेल्या. कोल्हापूरकडच्या मुली असल्या की पूजा दानोळेचं नाव निघतंच. या पोरींचे आदर्श आपल्याच राज्यातले आहेत, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. माझ्या लहानपणी मुलीने सायकल चालवायची ती शाळेपर्यंत, आणि वेगात चालवली तर त्याच संध्याकाळी ते कुणीतरी घरी येऊन सांगे.

शुक्रवार : पुणे ते नाशिक

चाकण. याबद्दल काही लिहीत नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे.

मंचर, नारायणगाव, चंदनापुरी घाट, संगमनेर. संगमनेर आलं तशी थोरली सरसावून बसली, कारण सायकलपटू प्रणिता सोमण इथली. दोन्ही बाजूंच्या रस्त्यांकडे ती असं बघत होती की यातल्या कुठल्या चढावर प्रणिता सराव करत असेल. सिन्नरच्या पुढे हवेत गारवा. नाशिकच्या द्राक्षबागा बघून मी मनातल्या मनात तासगावशी तुलना करत राहिले, तो माहेरचा दोष. आमच्याकडे बेदाणा, इथे निर्यातीचा घड आणि वाईनही. धुक्याची धास्ती दोन्हीकडे सारखीच.

नाशिक हे सायकलवेड्यांचं गाव आहे हे तिथल्या चहाच्या टपरीवरही कळतं. कॅरिअर बघून टपरीवाल्यानेच विचारलं, टीटी की मास स्टार्ट? टीटी म्हणजे टाइम ट्रायल, मास स्टार्ट म्हणजे सगळे एकदम सुटतात ती शर्यत. इथल्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या दोघा डॉक्टर भावांनी २०१५ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका दोघांच्या संघात पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, साधारण ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. तसं करणारा तो पहिला भारतीय संघ. मी हे कौतुकाने सांगत होते. थोरली मागे बघून म्हणाली, "नऊ दिवस? याच्याबरोबर?" धाकट्याने टायर लिव्हर तिच्या खांद्यावर ठेवला आणि सांगितलं की तिच्याबरोबर तो नाशिक रोडपर्यंतही जाणार नाही.

शनिवार : त्र्यंबकचा रस्ता

पहाटे बोटं वाकेनात इतकी थंडी. डाव्या हाताला अंजनेरी नुसता काळा आकार दिसत होता. वैयक्तिक टाइम ट्रायल, म्हणजे एकेकाने, मिनिटा-मिनिटाच्या अंतराने सुटायचं. कुणाच्या चाकामागे लागायचं नाही. यात कुणाला डाव टाकता येत नाही, कुणाच्या आडोशाला लपता येत नाही. ताशी तीसच्या वर गेलं की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग थोडा वाढवायचा तर ताकद कितीतरी जास्त लागते, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. हे मला धाकट्याने समजावलं. त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे अजून यायचंय.

म्हणून इथे पैसा दिसतो. पाठ आडवी ठेवणारं टीटी हँडल, मागे भरीव डिस्कचं चाक, शेपटीचं हेल्मेट. एक सायकल अशी होती की तिच्या किमतीत आमची गाडी यावी. मुलं लहान असताना असली सामग्री द्यावी का, यावर पालकांमध्ये कायम दोन तट. माझं म्हणणं, सोळाच्या आतल्यांना सगळ्यांना साध्या हँडलवर सोडा, मग कोण किती पाण्यात आहे ते कळेल. ज्यांच्याकडे डिस्क आहे त्यांना हे पटत नाही. आमच्याकडे असती तर मला पटलं असतं का, कुणास ठाऊक.

धाकट्याचा नंबर आधी लागला. चौदाच्या आतल्यांत तो शेवटून तिसरा आला आणि अत्यंत खूश होता, कारण चेन एकदाही उतरली नाही. ती त्याने स्वतः बसवली होती. या मुलाला शर्यत म्हणजे यंत्राची परीक्षा वाटते, स्वतःची वाटतच नाही. त्याच्या वडिलांना याची काळजी आहे. मला नाही.

थोरलीने दहा किलोमीटर १६ मिनिटं ४० सेकंदांत मारलं. म्हणजे ताशी ३६ चा सरासरी वेग, साध्या हँडलवर. पाचवी. शेवटच्या रेषेच्या अलीकडे दोनशे मीटरवर मी उभी होते. ती समोरून गेली तेव्हा मी हाक मारली. तिने ऐकली नाही. तिथे हाका मारणाऱ्या सगळ्यांचंच तसं होतं, तरी कुणी थांबत नाही. "मार, मार, मार!" या एका शब्दात सगळा महाराष्ट्र एक होतो.

दुपारी चुलीवरची मिसळ. रस्सा थोरलीला मी घेऊ दिला नाही, उद्या मास स्टार्ट होती. त्यावरून ती माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. चौथ्या आणि पाचव्या नंबरांवर मात्र हसत होती.

रविवार : मास स्टार्ट

सगळ्या मुली एकदम सुटतात, तीस किलोमीटर, जी पहिली येईल ती पहिली. शनिवारच्या शर्यतीत जे चालत नाही ते सगळं इथे चालतं. दुसरीच्या चाकामागे वितभर अंतरावर राहायचं, हवा तिने खायची, आपण पाय राखायचे, आणि योग्य वेळी बाहेर पडायचं. टीटीत मुलीचे पाय कळतात, मास स्टार्टमध्ये डोकं. आमच्या थोरलीचं डोकं जरा सरळमार्गी आहे. ती पुढे राहून ओढते आणि बाकीच्या मागे मजेत येतात.

माझं काम पाण्याच्या बाटलीचं. बाटली देणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. बाटलीचं तोंड दोन बोटांत धरायचं, हात लांब करायचा, मुलगी जवळ आली की दोन पावलं तिच्याच दिशेने पळायचं आणि तिने घेतली की सोडायची. घट्ट धरली तर पोर पडते, आधी सोडली तर बाटली. मी हे धाकट्याबरोबर कॉलनीच्या रस्त्यावर घोटून घेतलं होतं.

अर्ध्या वाटेत एक कुत्रं आडवं आलं. मधल्या तिघी पडल्या. थोरली त्यांच्या मागे होती, ती पडली नाही, पण थांबावं लागलं आणि पुढचा घोळका शंभर-दीडशे मीटर निघून गेला. एकटीने हे अंतर तोडायचं म्हणजे सगळी हवा एकटीने खायची. पण तिच्याबरोबर आणखी एक मुलगी अडकली होती, विदर्भातली, आदल्या दिवशी टीटीत हिला मागे टाकलेली. दोघींनी एक अक्षर न बोलता आळीपाळीने ओढायला घेतलं. अर्धा मिनिट ही पुढे, अर्धा मिनिट ती. कोपराची एक हालचाल, की मागचीने पुढे यायचं. माझ्यासमोरून गेल्या तेव्हा बाटली माझ्या मुलीने घेतली, एक घोट प्यायली आणि तिला दिली.

शेवटच्या चढाच्या आधी त्यांनी घोळका गाठला. आणि अंतिम रेषेवर त्या विदर्भकन्येने आमच्या बाईंना अर्ध्या चाकाने हरवून पाचवा नंबर घेतला. आमचा सहावा.

मी पोहे-इडली विचारायच्या आत थोरली म्हणाली, "तिने शेवटची पाळी चुकवली. पाचशे मीटर मीच ओढलं." मग थोड्या वेळाने, "मीपण चुकवायला पाहिजे होती." सर हसले. गेल्या वर्षभर ते तिला हेच शिकवत होते म्हणे. मुलीने दुसरीला पाणी दिलं याचा मला अभिमान, आणि तिने दुसरीला फसवायला शिकावं अशी सरांची इच्छा. दोन्ही एकाच खेळात बसतात, आणि या खेळात ते कुणाला वावगंही वाटत नाही. दुपारी दोघी एकमेकींचा नंबर घेत होत्या.

इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, मुरबाड, कर्जत, खोपोली. रात्र झाली.

सोमवार : बोर घाट

रविवारी या घाटात सगळी मुंबई लोणावळ्याला निघालेली असते, म्हणून सर ही शर्यत सोमवारी उजाडताच ठेवतात. खोपोलीहून जुन्या रस्त्याने शिंग्रोबाच्या देवळापर्यंत. वर खंडाळ्याच्या अलीकडे जुना रस्ता काही अंतर एक्स्प्रेसवेला मिळतो, तिथवर जायचं नाही.

या घाटाचं सायकलवाल्यांच्या मनात काय स्थान आहे ते बाहेरच्याला कळणं अवघड. मुंबई-पुणे सायकल शर्यत इथूनच जाते आणि घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. सांगली-मिरजेकडे अजून असे म्हातारे आहेत ज्यांना शर्यत कुणी जिंकली ते आठवत नाही, पण घाटाचा राजा कोण झाला ते वर्षासकट आठवतं. वरती १८३० चा अमृतांजन पूल होता, तो २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला. मुलांना तो फोटोतच दाखवावा लागतो.

क्लबची पद्धत अशी की सगळ्यांत हळू माणूस आधी सुटतो. म्हणजे मी. मागे एका मिनिटाने धाकटा, मग बाकी पालक आणि पोरं, थोरली अगदी शेवटी. पहिला अर्धा किलोमीटर मी फार छान चालवली. मग घाट सुरू झाला. ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत शेजारून जात होते आणि काही वेळ एका ट्रकचा आणि माझा वेग अगदी एक होता. क्लीनर खिडकीतून माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. त्याने मला केळं दाखवलं. देऊ का, असं. स्पर्धेत बाहेरची मदत चालत नाही, नाहीतर घेतलं असतं.

दुसऱ्या वळणाच्या वर मागून ओळखीचा चेनचा आवाज आला, तेल नीट घातलेल्या चेनचा. धाकटा शेजारी आला. "आई, एक गिअर हलका टाक. गुडघे जातील." मी टाकला. "आता माझ्या मागे येऊ नकोस. ड्राफ्टिंग धरतात." आणि पुढे गेला, सीटवर बसूनच. टीटीत शेवटून तिसरा येणारा हा मुलगा चढावर बरा आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. बाजूला उभी राहून ते कळलंही नसतं. तिथे फक्त नंबर दिसतो.

थोरली देवळाच्या अलीकडच्या वळणावर आली. उभी राहून पेडल मारत होती, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि क्षणात वळणापलीकडे गेली. मला एवढंच ऐकू आलं की तिचा श्वास माझ्यापेक्षा शांत होता. घरच्या ट्रॅक्टरच्या रस्त्यावर तिच्यामागे स्कूटर चालवताना मला हे कधीच ऐकू येत नसे, इंजिनाचा आवाज असायचा.

शिंग्रोबा हा धनगर. इंग्रजांना घाट उतरायची वाट त्याने दाखवली अशी कथा आहे. त्याच्या देवळाशी गाड्या थांबतात, नाणी पडतात. सरांची खुर्ची आणि घड्याळ तिथेच. मी पालकांत शेवटून दुसरी आले. माझ्या मागे राहिलेल्या गृहस्थांनी लगेच सांगून टाकलं की त्यांचा मागचा ब्रेक घासत होता. धाकट्याने जाऊन चाक फिरवून बघितलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "नाही घासत, काका."

पोहे मुलांनी मला विचारले.

सोमवार रात्र

नाशिकची यादी सातारा यायच्या आत फोनवर आली. टाइम ट्रायलला थोरली राखीव. राखीव म्हणजे संघाबरोबर जायचं, सराव करायचा, आणि कुणी आजारी पडलं तरच उतरायचं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली की राखीव असली तरी जागच्या जागी सायकल चालवायच्या रोलरवर वॉर्म-अप पूर्ण करावाच लागतो. मग झोपली.

राष्ट्रीय स्पर्धा पुढच्या महिन्यात. जायचं रेल्वेने, म्हणजे सायकल सुटी करून खोक्यात. नवीन सायकली ज्या खोक्यांतून येतात ती दुकानदाराकडून मागून घ्यायची असतात आणि या दिवसांत सगळे तीच मागतात, तेव्हा उद्याच जायला हवं. धाकट्याने एक खोकं जास्त आणायला सांगितलंय. त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. पण हत्यारांची पेटी न्यायला तो येणार आहे, आणि पेटीबरोबर त्याची सायकलही.